साहेबांना तंबूत चहा

अन्याय झाला तो खारदांड्याच्या कोळीवाड्यातल्या हिराबाईंवर. सत्याऐंशी साली, होळीच्या आदल्या दुपारी. आमच्या कंपनीच्या तंबूत त्यांचे बोंबील सुकायच्या ऐवजी शिजले, आणि आमच्या साहेबांनी दारातूनच नाक मुरडून अख्ख्या दांड्यासमोर सांगितलं, "बाई, तुमचा मालच शिळा होता."

मासेवालीला याहून मोठी शिवी नाही. सण उलटून गेला तरी हिराबाईंच्या पाटीला कोणी हात लावेना.

मी कंपनीच्या अंधेरीतल्या वर्कशॉपमध्ये ज्युनियर इंजिनिअर. संध्याकाळी नाक्यावर प्रदूषणाविरुद्धची पत्रकं वाटायची, दिवसा साहेबांची ड्रॉइंग्ज काढायची. हा तंबू, म्हणजे उन्हावर मासे सुकवायचा 'सोलर ड्रायर', मात्र साहेबांच्या स्वतःच्या डोक्यातला. बांबूंवर ताणलेलं पारदर्शक प्लास्टिक, दाराला चेन, चारी बाजूंनी बंद. कावळा नको, धूळ नको. दांड्यात बोंबील उघड्या वाऱ्यावर दोरीला टांगतात. साहेबांना ते मागासलेलं वाटायचं.

कम्प्लेंट मिटवायला मला पाठवलं. हिराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"ये पोरी. तुझ्या सायबानं कालवण केलंय. मसाला तेवढा राहिला."

गोष्ट सरळ होती. ऊन प्लास्टिकमधून आत येतं, आतलं सगळं तापतं. गरम हवेला बाहेर जायला वाटच नाही. त्यात बोंबील म्हणजे नुसतं पाणी. त्याची वाफही आतच कोंडलेली. शिजणार नाही तर काय?

कोपऱ्यावरच्या दुकानातून साहेबांना फोन लावला. "सर, हवा खेळायला व्हेंट पाहिजेत. वर एक, खाली एक."

"मिस गावडे, डिझाइन परफेक्ट आहे."

"मग दुपारी याच ना, सर. आत बसूनच सगळ्यांना दाखवा. चहा मी सांगते."

साहेब आले. सफारी सूट घालून! हिराबाईंनी आत स्टूल ठेवलं, वाफाळता चहा दिला. मी चेन ओढली. बाहेर अर्धा दांडा गोळा.

"सायेब, तुमी ताजे हायत ना?" हिराबाईंनी बाहेरून विचारलं. "नायतर मागनं म्हणाल, मालच शिळा व्हता."

चहा अर्धाच झाला होता. "उघडा! अहो, उघडा!"

साहेब बाहेर आले ते सूट पिळून वाळत घालावा असे. हळूच म्हणाले, "बाई, माल ताजा होता."

"मागच्यांना ऐकू नाय आलं."

पुन्हा बोलले. मोठ्यानं. त्या संध्याकाळी हिराबाईंची पाटी रिकामी झाली. तंबूला व्हेंट कापले. मला मेमो मिळाला.

आता तुमचं-आमचं. पृथ्वीवरही तंबू आहे, हवेचा. फरक एवढाच, की प्लास्टिक गरम हवाच कोंडतं. वरचा कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो. ऊन त्यातून खाली येतं. तापलेली जमीन जी उष्णता वर सोडते, ती तो शोषतो आणि त्यातली काही परत खाली धाडतो. थोडा तर तो लागतोच, नाहीतर आपण गोठलो असतो. पण कोळसा आणि तेल जाळून आपण तो वाढवत चाललोय. आणि या तंबूला कात्रीनं व्हेंट कापता येत नाही.

म्हणून मागणी एकच. कुणी धुराड्याचा मालक तुम्हाला "डिझाइन परफेक्ट आहे" म्हणाला, तर वाद घालू नका. स्टूल ठेवा, चहा द्या, आणि तो खरं बोलेपर्यंत चेन उघडू नका.