गुणाआबांच्या पेटीचे सूर मी लावले

आता काय आणि कुठून सांगू! एवढा मोठा गाढवपणा अख्ख्या पेडण्यात कुणी केला नसेल, आणि तोही पूर्ण शुद्धीवर असताना.

झालं काय, श्रावणात शापोरा नदी आमच्या देवळात शिरली. दोन दिवस राहिली आणि सगळीकडे चिखल सारवून निघून गेली. भजनी मंडळाचा पखवाज मऊ पडला. आणि पेटी? गुणाआबांची पेटी! चाळीस वर्षं तेच वाजवतात. कमरेभर पाण्यातून त्यांनी ती डोक्यावर घेऊन बाहेर काढली, तरी आत पाणी गेलंच.

माझा दोस्त पिंट्या म्हणाला, "मोबाईल खोलतंस मां तू? मगे ही खोलून दाखव. चवथीआधी वाजली तर तुका मानलो!"

"वाजली म्हणून समज!"

पेटीच्या पोटात काय असतं, ते तोपर्यंत मी बघितलंही नव्हतं हां.

आबांनी फक्त एवढंच म्हटलं, "हळू हां पुता. जीव आसा माजो तेच्यात."

घरी आणून स्क्रू काढले. आत पितळेच्या बारक्या बारक्या पात्या, प्रत्येकीला एक जीभ. तेच म्हणे सूर! सगळे चिखलाने काळे. त्याच दिवशी आई गणेशचवथीच्या समया भिजवत होती, टोपात कोकमाची सालं घालून. मी म्हटलं, पितळ ते पितळ! दिल्या सगळ्या पात्या त्याच टोपात टाकून.

मग घासून, धुऊन सुपात पसरल्या. दुपारचं उतरतं ऊन, पाणी उतरलेल्या शेतांतून वाफ निघतेय, आणि त्या पात्या अशा चमकतायत की वाटावं, नदीच जाताना मूठभर मासळी विसरून गेली. मी बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, आडवा पडलो आणि एकेक पाती तोंडाला लावून फुंकत बसलो. ही केरीची फेरीबोट. ही पोदेराच्या सायकलचा भोंगा, गरम पाव घेऊन येणारा. ही आई जेवायला हाक मारते ती. ही रागावून मारते ती. डोळे मिटले की अख्खा गाव सुपात! तास गेला की दोन, देव जाणे.

आणि मग आठवलं. कुठली पाती कुठे होती?

फोटो काढायचा होता म्हणता? अहो, तेवढी अक्कल असती तर हा किस्सा कशाला सांगत बसलो असतो! लांब त्या डावीकडे, बुटक्या उजवीकडे, एवढं दिसत होतं. पण शेजारशेजारच्या सगळ्या जुळ्या बहिणी. लावल्या कानाला गोड लागतील तशा.

वाजली! पिंट्याचं तोंड बघायला हवं होतं.

पहिल्या तालमीला आबांनी आरती धरली. जिथे वर चढायची तिथे ती खाली घसरली, आणि मध्येच पोदेर येऊन गेला. आबा थांबले. "बाबल्या, पखवाज उतरलो तुजो." बाबल्याने ठोकून पखवाज चढवला. परत तेच! "वाकडो कोण गाता रे?" आबांना सूर कोण शिकवणार? मग आबांनी आपली बोटं निरखली. मग कानात करंगळी घालून हलवली.

तेव्हाच बोलायला हवं होतं मी. पण समोर पिंट्या बसलेला!

आबा म्हापशाला कान तपासून आले. डॉक्टर म्हणाला, कान तरण्या पोरासारखे. आबांना वाटलं, म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून खोटं सांगतोय. त्या दिवसापासून त्यांचं गुणगुणणंच बंद झालं.

चवथीच्या आदल्या संध्याकाळी देवळात सगळ्यांसमोर त्यांनी पेटी उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

"पाण्यात उभो रवलंय आणि माजे कान गेले. ह्या पोरान पेटी जगवली. आता ह्योच वाजवतलो."

टाळ्या! आईने पदर डोळ्यांना लावला. पण आबांचा हात काही भात्यावरून निघेना. मी त्या हाताकडे बघत राहिलो, आणि माझ्याच्याने राहवेना.

"आबा, तुमचे कान बरे आसत! मीच सगळे सूर एका टोपात घातलंय. मगे मनान लावलंय."

भात्यावरचा आबांचा हात सुटला.

"म्हणजे... माका बरोबर ऐकू येता?"

"येता, आबा."

आबांचा चेहरा असा उजळला की मी पळायचंच विसरलो. मग त्यांनी माझा कान धरला. "मगे सा खंयचो धरलंस रे माकडा?"

"माजोच, आबा. मी 'सा' म्हटलंय, आणि जी पाती जुळली ती लावलंय."

आणि हे सांगताना माझा आवाज, सध्या फुटतोय ना, तो एकाच वाक्यात तीनदा फुटला.