अर्ध्यावर राहिलेला राम

करंजेलाचा वास आला की तो वर्ग आठवतो. मी नवा मास्तर. चित्रांतून इतिहास शिकवायची हौस, म्हणून पिंगुळीच्या म्हाताऱ्या चित्रकथ्याला शाळेत बोलावलं. करंजेलाचा दिवा लावून, पोथीतलं एकेक रंगीत चित्र वर धरत तो रामाची कथा गाऊ लागला. राम समुद्राकाठी पोचला आणि घंटा झाली. साहेब तपासणीला येणार होते. मी मुलांना गणितासाठी शेजारच्या वर्गात हलवलं. "मास्तरांनू, पोथी उघडली काय पुरी करूकच व्हयी. रामाक असो वाटेर सोडू नये," तो कळवळून म्हणाला. मी हसून निघालो. पाढे चालू असताना भिंतीपलीकडून त्याचा आवाज येतच राहिला. जाऊन डोकावलो, तर रिकाम्या तरटांना चित्रं दाखवत तो रामाला लंकेत नेत होता. मी दारातूनच परतलो. एका तरटावर टेकायला माझं काय जात होतं?