शेवटचं कडवं

"हे लोकगीत आहे. लोकगीताला कवी नसतो," प्राध्यापक म्हणाले.

कवी समोरच बसला होता. त्यांच्या धरमपेठेतल्या बंगल्याच्या पायरीवर, घामाघूम. खापरखेड्याच्या वीजघरातली पाळी संपवून सायकल हाणत आलेला. ते वर खुर्चीत. हातात त्यांचं नवं पुस्तक, पुस्तकात माझं गाणं.

माझा आवाज असा की मी वस्तीच्या जलशात गायला उभा राहिलो की वीजघराच्या चिमणीचा धूर कडवं संपेपर्यंत वर जायचा नाही. यातलं अर्धं खोटं धरा. उरलेलं अख्ख्या धरमपेठेला पुरेल.

आमच्या जलशाची रीत साधी. गाणं कोणीही गावं, वहीत उतरवून न्यावं. कोणी पैसा मागत नाही. फक्त शेवटचं कडवं गाळायचं नाही. त्यात गाणं करणाऱ्याचं नाव असतं. प्राध्यापक तीनदा घरी आले, चटईवर बसले, आईच्या हातचा चहा प्याले, गाणं उतरवून घेऊन गेले. छापताना तेवढं एक कडवं गाळलं.

"अन् मानधन, सर?"

ते हसले. "अरे, ज्ञान वाऱ्यासारखं असतं. वाऱ्याचं कोणी बिल फाडतं का? घे, एक प्रत तुला फुकट."

पहिलं पान उघडलं. सर्व हक्क संपादकाचे. खाली किंमत. वारा बांधून, पुठ्ठा घालून सीताबर्डीच्या दुकानात विकायला ठेवला होता.

घरी आईनं पुस्तक मांडीवर घेतलं. तिला एकच शब्द वाचता यायचा, माझं नाव. चुलीच्या राखेत गिरवून मीच शिकवलेला. गाण्यावरून बोट फिरवत ती खालपर्यंत गेली.

"तुह्यं नाव कोठी हाय गा?"

"कापलं."

तिनं बोट पुन्हा पहिल्या ओळीवर नेलं.

पुढच्या पुस्तकासाठी प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन आले. आईनं चटई टाकली नाही.

मी म्हटलं, "आधी लिहून द्या. नाव माह्यं छापान, मोल मले द्यान. मंग बटन दाबा."

"तूही धंदेवाईक झालास."

"तुमचं पुस्तक बर्डीवर फुकट वाटून या, सर. मी इथंच उभा हाय. फुकट गातो."

त्यांनी टेपरेकॉर्डरचं झाकण लावलं.

आता मी नाव शेवटी ठेवत नाही. प्रत्येक कडव्यात, ऐन तालावर ठेवतो. उपटलं की गाणं कोसळलंच. वस्तीनं ते फुकट गावं, जन्मभर गावं. छापणाऱ्यानं मात्र माझ्या दारी यावं, आणि पायरीवर बसावं.