खिडकीपर्यंत चालून दाखवा

डॉक्टर राजेश्वरी यांच्या नावाची पाटी अख्ख्या नगरात कुठे सापडायची नाही. स्वतःचा दवाखाना नाही, ओपीडी नाही. एका इस्पितळात भरती झालेल्या पेशंटचं सगळं बघायचं आणि घरी सोडायच्या कागदावर सही करायची, ही त्यांची नोकरी. लोकांच्या लेखी डॉक्टर म्हणजे सकाळी पाच मिनिटं येऊन जाणारे मोठे साहेब. दिवसभर खाटेपाशी राबते ती सिस्टर. अकरा वर्षं लोक त्यांनाही सिस्टरच म्हणत, बाईंनी कुणाची चूक सुधारली नाही.

त्यांची एक रीत होती. ऊसतोडीच्या बाईला "कसं वाटतंय?" असं त्या विचारत नसत. ती मरतानाही "बरं हाय" म्हणणार, हे त्यांना घरूनच ठाऊक. आई चांगुणा वीस हंगाम उसाच्या फडात होती. तरी पहिल्या वर्षी त्यांनी अशाच एका शब्दावर एकीला सोडलं. ती फडावर गेली ती परत आलीच नाही. तेव्हापासून बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावायचा आणि म्हणायचं, "खिडकीपर्यंत चालून दाखवा."

दिवाळीनंतर तिसगावकडच्या कडूबाई न्यूमोनियाने भरती झाल्या. सहाव्या दिवशी ताप उतरला. नेमका त्याच दुपारी टोळीचा ट्रक कारखान्याकडे निघालेला, येऊन फाटकाशी थांबला. कडूबाई केस विंचरून तयार. नवरा अंगद पिशवी धरून उभा. मोठे साहेब सकाळीच "पाठवून द्या" म्हणून गेले होते. दुसऱ्या पेशंटसाठी खाट हवी होती.

"चला, खिडकीपर्यंत," बाई म्हणाल्या.

कडूबाई ताठ चालल्या, तोंड मिटून, धाप गिळत. आकडा पंच्याण्णववरून शहाऐंशीवर आला.

"अजून तीन दिवस ठेवावं लागेल."

"सिस्टर, मोठ्या डाक्टरला इचारा," मुकादम कानिफनाथ पुढे झाला. "नवराबायकू मिळून एक कोयता असतोय. ही न्हाई आली तर ह्यो गडी अर्धा. अर्ध्याला घिऊन मी काय करू?"

"अर्धा कोयता म्हणजे काय, ते माझ्या आईला विचारा, सांगेल. सही माझी लागते, मुकादम. ती मी करणार नाही."

"आवं, बरं हाय मला," कडूबाई म्हणाल्या. "लई बरं हाय."

बाईंनी तोच चिमटा अंगदच्या बोटाला लावला. "आता तुम्ही चाला."

अंगद लाजत खिडकीपर्यंत गेला, आला. सत्त्याण्णव. पुन्हा गेला, जरा जोरात. सत्त्याण्णवच. तो चिमट्याकडे बघत राहिला, मग बायकोच्या ओठांकडे.

"मंजी हिला हवाच पुरंना व्हय?"

"खाटेवर पुरते. मोळी डोक्यावर घेतली की नाही पुरणार."

"अंगद, ट्रक चालला बरं का," कानिफनाथ म्हणाला.

अंगद त्याच्या मागोमाग खाली उतरला. कडूबाई खिडकीशी जाऊन बघत होत्या. नवरा ट्रकवर चढला. चढला तो बसला नाही. भांड्यांचं गाठोडं खाली टाकलं, कोयते टाकले, मग स्वतः उतरला. ट्रक गेला.

"हंगाम घालवला माझा," एवढंच बोलून कडूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस त्या बाईंशी बोलल्या नाहीत. बाई येत, चिमटा लावत, औषध बदलत, जात. मोठ्या साहेबांनी खाट अडवल्याबद्दल चार शब्द सुनावले, तेही ऐकून घेतले.

चौथ्या दिवशी खिडकीपर्यंत जाऊन आल्यावर आकडा चौऱ्याण्णव होता. अंगदला दुसरी टोळी अजून मिळाली नव्हती, सोनईकडं विचारतो म्हणाला.

निघताना कडूबाई दाराशी थांबल्या. "सिस्टर, मोठ्या डाक्टरला सांगा. लई गुन हाय त्येंच्या हाताला."

"सांगते," बाई म्हणाल्या, आणि कागदावर सही केली.