मधला बॉल कोणाचा

सुमन गेली तेव्हा सकाळचे सव्वासहा झाले होते. एरवी त्या वेळेला आम्ही दोघं खेळाच्या हॉलवर पोचलेलो असायचो. मी खाली बसून बुटाची लेस बांधायचो आणि ती पॅडल घेऊन आधीच उभी असायची. त्या दिवशी ती आमच्या अमरावतीच्या घरात, समोरच्या खोलीतल्या पलंगावर होती. शेवटी तिचा हात माझ्या हातात होता, असं लिहिलं तर चांगलं वाटेल, पण तसं नव्हतं. मी आत चहा गाळत होतो. कप घेऊन आलो तर झालं होतं... तीन महिने झाले त्याला.

मी शिकलेला माणूस नाही. सातवीत शाळा सोडली, अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून लागलो आणि हातोडा-पान्यात जन्म गेला. सुमननं, माझ्या बायकोनं, तीस वर्षं घरी मशीनवर ब्लाउज शिवले. म्हातारपणी आमच्या मुलानं, प्रवीणनं, अमरावतीला घर बांधून दिलं. तो स्वतः पुण्याला नोकरीला असतो. इथं आल्यावर तिला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, हातपाय हलवा. घराजवळच्या बॅडमिंटनच्या हॉलमध्ये तेव्हा पिकलबॉल नावाचा नवा खेळ सुरू झाला होता. टेबल टेनिसच्या बॅटहून मोठं पॅडल, भोकं असलेला प्लॅस्टिकचा बॉल आणि कमरेएवढी जाळी. इंगळे सर म्हणून एक रिटायर झालेले मास्तर म्हाताऱ्यांना शिकवत. पदर खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून ती पहिल्या दिवशी निघाली तेव्हा मला लाज वाटली, खरं सांगतो. पंधरा दिवसांनी मीही गेलो, कारण ती घरी आल्यावर एकटीच हसायची आणि कशावर हसते ते मला माहीत नसायचं.

माझा हात जिनिंगचा. बॉल दिसला की खांद्यापासून ठोकायचा. एक जाळीत, एक भिंतीवर, एखादा चुकून आत. सर ओरडायचे, "काका, हात मागं नेऊच नका! पॅडल छातीसमोर ठेवा, गुडघ्यात वाका, बॉल अंगापुढं घ्या अन् नुसता ढकला." मला ते ढकलणं बायकी वाटायचं. सुमनला ते पहिल्या आठवड्यातच जमलं. मशीनवर तीस वर्षं एकासारखा एक टाका घातलेला तिचा हात. जाळीपलीकडे ती घरचं स्टीलचं ताट ठेवायची आणि त्यात बॉल टाकायची. टण्ण... टण्ण... मधेच एखादा ताटाबाहेर पडला तर पहिल्यापासून मोजायची. पन्नास झाल्याशिवाय घरी यायची नाही. मी म्हणायचो, "झालं ना आता, भूक लागली मले." ती म्हणायची, "तुमी जा ना बाप्पा, चिवडा हाय डब्यात." एकदा मी तिसरा बॉल छतावर अडकवला तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अवो, त्या बॉलनं तुमचं काय बिघडवलं? इतका राग कायचा?"

पुढं आम्ही जोडीनं खेळायला लागलो आणि माझी खरी खोड तिथं उघडी पडली. तिचा बॉल मी खायचो. ती उजवीकडे, मी डावीकडे. बॉल सरळ तिच्या पुढ्यात आला तरी मी आडवा धावून मारायचो. मला वाटायचं मी तिला सांभाळून घेतो. अकोल्याला साठीवरच्यांची स्पर्धा होती, तिथं आम्ही नाव दिलं. पहिल्याच मॅचमध्ये मी चार वेळा तिच्या बाजूत घुसलो, पाचव्या वेळी तिच्या पॅडलवर माझं पॅडल आपटलं. तिनं पॅडल खाली ठेवलं, "खेळा मंग एकटेच" म्हणाली आणि बाहेर खुर्चीवर जाऊन बसली. सगळा हॉल हसला. समोरच्या जोडीतली बाई तर टाळ्या वाजवत होती.

परत येताना एसटीत मूर्तिजापूरपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली. मग मान न वळवता म्हणाली, "डॉक्टर मले इचारते, कुठं दुखते? सांगता तुमी. गिऱ्हाईक मले इचारे, ब्लाउज कधी देता? सांगत होते तुमी. प्रवीण फोनवर इचारते, आई, जेवली का? तरी तुमीच सांगता. आता बॉल बी तुमीच मारा. मंग मी कायले आली?"

मी म्हणालो, "मी तुह्यासाठीच करतो ना व."

"माहीत हाय मले," ती म्हणाली. "म्हणून तं शेहेचाळीस वर्सं बोलली नाही."

त्यानंतर सरांनी एक शिस्त लावली. बॉल येताना ज्याचा असेल त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. माझा असला तर "माझा", तिचा असला तर "तुझा", आणि "तुझा" म्हटलं की पाय हलवायचा नाही. मधल्या रेषेवर आलेला बॉल डावीकडच्यानं घ्यायचा, कारण त्याचा उजवा हात मधे येतो. म्हणजे तो माझा. बाकी तिकडचं सगळं तिचं. पॅडल कसं धरायचं, मनगट कसं घट्ट ठेवायचं, हे सगळं मला तीन महिन्यांत आलं. "तुझा" म्हणून उभं राहायला सात महिने लागले. जीभ म्हणायची तुझा आणि पाय निघायचे. पण एकदा उभं राहता आलं तेव्हा मला ती दिसली. बॉलकडे जाताना ती ओठ दाबायची. बॉल जाळीवरून बोटभर उंच काढायची आणि तो पलीकडे असा पडायचा की समोरच्याला उचलता येऊ नये. इतक्या वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदा नुसता उभा राहून तिला तिचं काम करताना पाहिलं. पुढच्या वर्षी अकोल्याला आम्ही तीन मॅच जिंकलो. एकही बॉल मी तिचा घेतला नाही.

मग तिचे डोळे पिवळे झाले. आधी इथं, मग नागपूरला तपासण्या. पोटात, जठराच्या मागं गाठ निघाली. मोठे डॉक्टर चांगले होते, घाई केली नाही. ऑपरेशन मोठं आहे म्हणाले, निभावलं तर वर्ष-दोन वर्षं मिळतील, पण या वयात टेबलावरही काही होऊ शकतं. मग खुर्ची पुढं ओढून त्यांनी तिलाच विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं?"

माझं तोंड उघडलं होतं. "करा" हा शब्द जिभेवर होता, हे मी इथं लिहून ठेवतो. तो मी गिळला. सुमननं माझ्याकडे पाहिलं. मी हललो नाही. ती डॉक्टरांना म्हणाली, "नको. घरी जातो आमी." पुण्याहून आलेला प्रवीण तिथंच रडायला लागला, "बाबा, सांगा ना तिले!" मी सांगितलं नाही.

घरी ती अडीच महिने होती. पहिला दीड महिना रोज हॉलवर यायची, खुर्चीवर शाल घेऊन बसायची आणि तिथून मला ओरडायची, "पॅडल खाली गेलं तुमचं! गुडघे... गुडघे!" शेवटी शेवटी आवाज निघेना, तर नुसता हात वर करून दाखवायची. दुखणं होतं, ते मी लिहीत नाही.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी, पाहुणे उठून गेले तेव्हा, प्रवीण मला म्हणाला, "तुमी एक शब्द बोलले असते तं तिनं ऐकलं असतं." खरं आहे. ऐकलंच असतं. आयुष्यभर ऐकलं. दवाखान्यातली गोष्ट खेळाशी जोडू नये एवढं मला कळतं, पण मला दुसरं येत नाही. तो तिचा बॉल होता म्हणून मी उभा राहिलो. पण तिनं माझ्याकडे पाहिलं होतं ना... ते पाहणं 'आता मधे पडू नका' असं सांगणं होतं, का 'तुमी काय म्हणता' असं विचारणं होतं? शेहेचाळीस वर्षं तिच्या वतीनं बोललो आणि ती एक नजर मला वाचता आली नाही. विचारणं असेल तर तो बॉल मधला होता. मधला माझा.

महिन्याच्या विधीला प्रवीण आला. तोपर्यंत फोनवर "जेवले का" एवढंच बोलायचा. विधीच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी बूट घालत होतो तर तोही उठून आला, आईचं पॅडल घेऊन. हॉलवर सरांनी समोर एक जोडी उभी केली. तो उजवीकडे उभा राहिला. त्याला खेळ येत नाही, पण पोराचा हात आईसारखा आहे, घाई करत नाही. पाच-सहा बॉल झाले आणि एक बरोबर मधे आला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं. बॉल आमच्या दोघांच्या मधून गेला, मागं भिंतीला लागला आणि परत गडगडत येऊन पायाशी थांबला.

"बाबा, तो तुमचा होता," प्रवीण म्हणाला.

"हाव."

"मंग बोलले काऊन नाही?" म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. समोरच्या जोडीनं तोंड फिरवून घेतलं. तो तसाच उभा होता, डोळे पुसत नव्हता. "आता तरी बोलत जा ना, बाबा."

मी बॉल उचलून समोर दिला. सुमनच्या जागेवर तो गुडघ्यात वाकून उभा राहिला, कोणी न सांगता. पुढचा बॉल पुन्हा मधेच आला, जरा त्याच्याकडे झुकलेला. मी जोरानं ओरडलो, "माझा!" आणि घेतला. जाळीत गेला.

"जाऊ द्या," प्रवीण म्हणाला. "बोलले ना."

आता तो दर शनिवारी रात्रीच्या बसनं येतो. रविवारी सकाळी आम्ही दोघं हॉलवर असतो.