डालड्याच्या डब्यातली स्ट्रॉबेरी

मी नववीत असताना डिसेंबरात शाळेची सहल महाबळेश्वरला गेली. मळ्यांत तेव्हा नुसती पानंच होती, फळ धरायचं होतं. माझ्या भुणभुणीला वैतागून एका मळेवाल्याने मला स्ट्रॉबेरीचं एक रोप आणि पिशवीभर लाल माती दिली. वर म्हणाला, "मुंबईत नाय जगायचं हे." झालं! मी तिथेच हट्टाला पेटले.

आमचं घर भांडुपला, दोन खोल्यांचं, पुढे चिंचोळी गॅलरी. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे कुंड्या कसल्या आल्यात? डालड्याच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली आणि त्यात रोप लावलं. दुपारचं ऊन थेट आत यायचं, म्हणून आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधून सावली केली. कॉलेजात जाणारा दादा येता-जाता टोमणे मारायचा, "काय गं, टेम्पो मागवू का माल न्यायला?" तांब्याभर पाणी घाल म्हटलं, की मात्र त्याला नेमका उशीर झालेला असायचा.

फुलं आली आणि गळली. टिकलं एकच. त्याचं फळ धरलं, हिरवं, मग पांढरट. मातीला टेकून कुजू नये म्हणून मी त्याखाली नारळाच्या शेंड्या पसरल्या. बुलबुल टोचतील म्हणून वर पिठाची जुनी चाळण पालथी घातली. मी जन्मात स्ट्रॉबेरी खाल्ली नव्हती. रोज शाळेतून आले की दप्तर न टाकता आधी चाळण उचलून बघायचे.

सोमवारी संध्याकाळी ते लाल झालं, देठापाशी जरासं पांढरं राहिलं होतं. उद्या खायचं, मी ठरवलं. आणि मंगळवारी सकाळी मला कावळा शिवला.

बाजूला बसायचं, तर आमच्याकडे बाजू होती कुठे? गॅलरीच्या दाराशी गोणपाट टाकलं की तीच बाजू. म्हणजे मी इथे आणि डबा हाताच्या अंतरावर. पण शिवायचं नाही. अशा वेळी बाईचा हात लागला की झाड जळतं म्हणे. कालपर्यंत त्याच हाताने ते जगवलं होतं!

आई आंघोळ करून पूजेआधी गॅलरीत आली आणि तिने चाळण उचलली.

"आई, नको ना! राहू दे. चार दिवसांनी न्हाले की मी काढते."

"आज मंगळवार, गणपतीचो वार. पयलां फळ देवाक, तुका ठाऊक नाय?"

"पण मी लावलंय ते!"

"कोणी लावलां तां देव जाणता. थंयच बस गो, उठशीत तर बघ!"

फळ दुर्वांशेजारी गेलं. घंटा वाजली. मग आईने विळीवर त्याचे तीन तुकडे केले, बाबांना, दादाला आणि स्वतःला. मला नाही, कारण आता तो प्रसाद होता आणि विटाळात प्रसाद चालत नाही. देवाला दाखवायच्या आधी मी खाल्लं असतं तर ते उष्टं झालं असतं. दाखवल्यावर प्रसाद झाला. मग मी ते खायचं कधी, हे मला कुणी सांगेना. संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"पुढचां लागात तां तुका," आई म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं, पण तिने तुकडा खाल्लाच.

"कशी होती रे?" शेवटी मी दादाला विचारलं.

"आंबट होती यार. एवढं काय नाय."

पुढचं फळ लागलं नाही. मार्चच्या उन्हात रोप करपलं. आमच्या घरात पिकलेली ती एकुलती एक स्ट्रॉबेरी, आणि तिला आंबट म्हणायचा मानसुद्धा दादालाच मिळाला.