सरावाची मुलं

मी पेणला शाळेत पी.टी. शिकवायचे. माझा स्वभाव तापट हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना शिट्टी ऐकून कळायचं. तरी एका वर्षी रोह्याच्या एका मंडळानं उन्हाळी शिबिरासाठी ताई-दादा तयार करून द्यायचं काम नेमकं माझ्याच गळ्यात घातलं. तिथल्या शाळेत सहा-सात वर्षांची चिल्लीपिल्ली राहायला येणार, त्यांना अंघोळीपासून झोपेपर्यंत सांभाळायचं. आणि सांभाळणार कोण, तर नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली माझी पोरं. ज्यांना स्वतःचा टॉवेल सापडत नाही ती दुसऱ्यांच्या पोरांना अंघोळ घालणार! मी कपाळाला हात लावला आणि हो म्हटलं.

त्या पोरांत एक मुलगी होती. फार गुणी, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. तिला रोह्याला जायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं काहीतरी मागितलं होतं, आणि तिच्या आईनं साफ नाही म्हटलं होतं. ही आई आमच्या शाळेच्या मागच्याच आळीत राहायची. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेला, घरात मायलेकी दोघीच. तिच्या अंगणात आळीतल्या बायका पोह्याचे पापड लाटायला जमायच्या. मी समजूत घालायला गेले तर लाटणं न थांबवता म्हणाली, "भर पापडाच्या दिसांत पोरीला दुसऱ्यांच्या पोरांचा शेंबूड पुसाया धाडू? नाय, बाई." मी म्हटलं, निदान प्रशिक्षणाला तरी पाठवा. त्याला ती कशीबशी तयार झाली.

प्रशिक्षणाचे पहिले दिवस मी भाषणं ठोकली. लहान मुलाशी उभ्यानं बोलू नका, उकिडवे बसा. अंगावर ओरडू नका. हे सगळं मी ओरडूनच सांगत होते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, सांगायची कुणाची छाती होती? मग म्हटलं, आता करून दाखवा. आमच्यात एक दांडगा मुलगा होता, आवाज असा की शाळेतून हाक मारली तर वडखळ नाक्यावरचा माणूस ओ देईल. त्याला म्हटलं, समोर लहान मूल आहे असं समज आणि त्याला जेवायला बसव. मूल म्हणून दुसऱ्या एका पोराला बसवलं. आता मिसरूड फुटलेला पोरगा ओठ काढून "मला भात नको" म्हणाला तर कोण हसणार नाही? दोघेही पोट धरून लोळायला लागले. सगळा पालथ्या घड्यावर पाणी ओतायचा प्रकार. सरावाला खरी मुलं मिळाली असती तर गोष्ट वेगळी, पण प्राथमिकच्या परीक्षा चालू होत्या.

दुपारी पापड उन्हात पडले की त्या बायका मोकळ्या असायच्या आणि कुंपणापलीकडून आमची मजा बघत उभ्या राहायच्या. एकदा त्या जरा जास्तच खिदळल्या तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "हसताय काय? या इकडे, तुम्हीच व्हा मुलं." मला वाटलं लाजतील. कसल्या लाजतात! पदर खोचून आत आल्या.

आणि मग त्यांनी आमच्या ताई-दादांच्या नाकी नऊ आणले. पन्नाशीच्या एक काकू अंघोळ नको म्हणून कडुलिंबाच्या खोडाला मिठी मारून बसल्या, त्या चहा येईपर्यंत सुटल्या नाहीत. एकीनं दुसरीची वेणी ओढली, दुसरी चुगली करायला माझ्याकडे धावली, आणि मी चौकशी करायला लागले तेव्हा कळलं की भांडण खरं आहे, जुनं आहे आणि नळावरच्या पाण्यावरून आहे. एक बाई कोपऱ्यात जाऊन गुपचूप झोपली. "गो, उठ ना!" म्हणून बाकीच्या हलवायला लागल्या तर म्हणाली, "मी तान्हं पोर हाय, मला निजू द्या." संसारात आल्यापासून दुपारची झोप तिला बहुधा पहिल्यांदाच मिळाली होती. मी कुणाला तिला उठवू दिलं नाही.

पोरं मात्र हळूहळू शिकायला लागली. त्या गप्प मुलीच्या आजूबाजूला तर बायका आपसूक जमायच्या. हे तिची आई कुंपणापलीकडून बघत होती. सगळ्या बायकांत तेवढी तीच अजून आत आली नव्हती. एका दुपारी आली, मधोमध फतकल मारून बसली आणि लेकीला सगळ्यांसमोर म्हणाली, "आता मी पोर. मला घरी जायाचंय म्हनून रडनार. मला गप करून दाखव, मग जा रोह्याला. नाय जमलं तर उद्यापासनं लाटनं हातात घे."

मुलीचा चेहरा पांढरा पडला. मला आईचा असा संताप आला की काय सांगू! पण शर्त लागली ती लागली.

आईनं भोकाड पसरलं. दांडग्या मुलाला मैत्रिणीची कीव आली असावी, आधी तोच पुढे झाला. "बाळा, वाघाची गोष्ट सांगू?"

"वाघ कुठला?"

"जंगलातला."

"तू बघितलास?"

"नाही."

"मग काय सांगतोस? मला घरी ने!"

त्यानं चेंडू पुढे केला, तो तिनं शाळेच्या कौलांवर भिरकावला. घाम पुसत तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, रोह्याला असं पोर निघालं तर मी येत नाही."

मग मुलगी गेली. आईसमोर उकिडवी बसली. "काय झालं?"

"घरी जायाचंय."

"बरं," मुलगी म्हणाली.

आई क्षणभर रडायची थांबली. 'बरं'वर काय करायचं ते तिनं ठरवलं नव्हतं.

"घरी कोण आहे?" मुलीनं विचारलं.

"आई."

"काय करते?"

"पापड लाटते." बायका हसल्या.

"मग कामात तिला तुझी आठवण येत नसेल."

"कामात नाय येत. दिवे लागल्यावं येते."

"मग काय करते ती?"

"काय करल? जेवाया दोन ताटं घेल, नि येक परत फळीवं ठेवल."

हे ती लहान पोराच्या आवाजात बोललीच नाही. कुणी हसलं नाही. तिचे डोळे भरून आले, आणि ते रडणं आधीच्या रडण्यासारखं नव्हतं, त्याला आवाजच नव्हता. अशा वेळी काय करायचं हे मी पोरांना शिकवलं नव्हतं, कारण मलाच येत नव्हतं. मुलीनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळानं आईनं पदरानं तोंड पुसलं. ती गप झाली होती.

मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, मी नाही जात रोह्याला."

आई ताडकन उठली. "का नाय जात? गप झाले ना मी? मग? येवढी रडले ती काय फुकट?" आणि पापड परतायचे राहिले म्हणून बायकांवर खेकसत निघून गेली. मी पोरांना कौलांवरचा चेंडू काढायला लावलं.

रोह्याला शिबिर सुरू झालं, मीही पोरांबरोबर तिथं राहिले. मुलीच्या गटात रोज संध्याकाळी कुणी ना कुणी घरच्या आठवणीनं रडायचं आणि तिच्या मांडीवर झोपून जायचं. दांडग्या मुलाच्या गटातली पोरंसुद्धा रडायची झाली की उठून तिच्याकडे जायची, तो हात जोडून वाट करून द्यायचा.

आठवडा सरला नसेल, पेणच्या एस.टी.चा कंडक्टर शाळेच्या फाटकाशी आला. म्हणाला, "पापडवाल्या मावशींचा निरोप हाय. कामाला मानूस नाय, पोरीला संध्याकाळच्या गाडीनं माघारी धाडा."

माझा पारा चढला. स्वतःच्या तोंडानं जा म्हणाली आणि आता हे! नळाशी ती मुलगी पोरांचे पाय धूत होती, सगळीच्या सगळी ओली, आणि त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसत होती. तिचा एवढा मोठा आवाज मी आमच्या शाळेत कधी ऐकला नव्हता.

"त्यांना सांगा," मी म्हटलं, "बाई धाडत नाहीत."

कंडक्टर जाईना. कानामागे खाजवत तिथंच उभा राहिला.

"आता काय?"

"तुमी नाय म्हनलात तर सांगायचा दुसरा निरोप पन हाय."

"मग सांगा की."

"'बरं केलंत,' म्हनाल्या."